दोन आठवड्यांसाठी युगांडात मिशनला जाताना: यजमानांच्या बाजूने सविस्तर उत्तर

प्रश्न असा आहे. टेक्सासमधल्या एका मराठी भगिनीच्या चर्चचा सोळा जणांचा गट येत्या जूनमध्ये दोन आठवड्यांसाठी पूर्व युगांडात, सोरोटीजवळच्या एका गावात जाणार आहे. गटात निम्मी शाळकरी मुलं आहेत. शाळेची रंगरंगोटी, तीन दिवसांचं वैद्यकीय शिबिर, मुलांची व्ही.बी.एस. (सुट्टीतली बायबल शाळा), अनाथाश्रमाला भेट आणि गावासाठी एक बोअरवेल, असा आराखडा ठरला आहे. तिथल्या पाळकसाहेबांनी सगळ्याला होकार दिला आहे. ताई विचारतात: हे योग्य आहे का? जायचंच तर काय करावं, काय टाळावं, बरोबर काय न्यावं?

ताई, प्रभूमध्ये सलाम. मी मूळचा नगर जिल्ह्यातला. बोअरवेल आणि हातपंपांच्या कामासाठी सोरोटीच्या आसपासच्या तेसो भागात बरीच वर्षं राहिलो. तिथल्या मंडळीकडे बाहेरदेशांतून गट यायचे, त्यांची गाडी, जेवण, मुक्काम आणि कार्यक्रम लावणं हेही माझ्याच वाट्याला असायचं. त्यामुळे हे उत्तर पाहुण्यांपेक्षा यजमानांच्या बाजूने लिहिलेलं आहे.

जरूर जा. पण तुमचा आजचा आराखडा बाजूला ठेवा आणि तिथल्या मंडळीला स्वतःचा आराखडा मांडू द्या. बाकी सगळं यातूनच येतं.

पाळकसाहेबांनी सगळ्याला होकार दिला, असं तुम्ही लिहिलंय. त्यांची परिस्थिती डोळ्यांसमोर आणा. एका पॅरिशच्या, म्हणजे स्थानिक मंडळीच्या, पाळकाकडे पाच-सात गावांतल्या उपासना असतात. बहुतेक गावांत रविवारची उपासना ले-रीडर, म्हणजे पाळक नसलेले मंडळीतलेच सेवक, चालवतात. पगार तुटपुंजा, तोही वेळेवर मिळेल याची खात्री नाही. अशा माणसाला अमेरिकेतून पत्र येतं की आम्ही सोळा जण प्रेमाने येतोय आणि हे पाच कार्यक्रम करणार आहोत. पाहुण्याला नाही म्हणणं तेसोत उद्धटपणाचं मानतात, आपल्याकडेही तसंच आहे. शिवाय या ओळखीतून पुढे मुलांच्या फीची सोय होईल, चर्चचं छप्पर होईल, ही आशा असते आणि ती रास्त आहे. म्हणून तुम्ही काहीही सुचवलं असतंत तरी उत्तर होकारच आलं असतं. त्या होकारावर तिकिटं काढू नका.

खरं उत्तर हवं असेल तर प्रश्न वेगळा विचारा. "आम्ही हे करू का?" असं विचारू नका. "येत्या वर्षात मंडळीने कोणती कामं ठरवली आहेत? त्यातलं कुठलं अडलंय? आमच्यापैकी कोणाच्या हाताचा त्यात उपयोग आहे का?" असं विचारा. मग "आम्ही आलोच नाही आणि प्रवासखर्चातला काही भाग पाठवला, तर आधी काय कराल?" हेही मोकळेपणाने विचारा. एकाच माणसावर थांबू नका. मदर्स युनियनच्या (चर्चमधल्या बायकांच्या संघटनेच्या) अध्यक्षा, शाळेचे मुख्याध्यापक, हेल्थ सेंटरचे प्रमुख यांच्याशी वेगवेगळं बोला. मदर्स युनियनच्या बायकांना गावातल्या प्रत्येक घराची माहिती असते, आणि पाहुण्यांचा स्वयंपाकही त्यांनाच करायचा असतो. त्यांचं मत न घेता आखलेला कार्यक्रम मला कधी पटला नाही.

मग जून महिना. अमेरिकेत तेव्हा उन्हाळी सुट्टी, म्हणून बहुतेक गट जून-जुलैतच येतात. युगांडात शाळांचं दुसरं सत्र मेअखेरीस सुरू होतं आणि ऑगस्टपर्यंत चालतं. म्हणजे तुम्ही शाळेत जाल तेव्हा वर्ग भरलेले असतील. तुमच्यासाठी मुलांना बाहेर मैदानात बसवतील, शिक्षक हसून तुमचं स्वागत करतील आणि तीन-चार दिवसांचा अभ्यास बुडेल. शेतातही तेव्हाच घाई असते. नाचणी आणि भुईमूग काढणीला येऊ लागतात. ऐन सुगीत आपल्या घरी सोळा पाहुणे दोन आठवडे राहायला आले तर घरच्या बाईची काय अवस्था होईल, याचा विचार केलात की तिथल्या बायकांची अडचण कळेल. डिसेंबर-जानेवारीत पाऊस नसतो, शाळांना मोठी सुट्टी असते आणि शेतकामही हलकं असतं. तुमच्या मुलांना नाताळची सुट्टी अपुरी पडेल, हे खरं. मग कमी माणसं जा. सहा जणांचा गट एका घरी, एका गाडीत, एका ताटाभोवती मावतो. सोळा जणांना दोन गाड्या आणि वेगळी चूल लागते.

जूनच ठरला तर ३ जून लक्षात ठेवा. तो युगांडाच्या हुतात्म्यांचा दिवस. १८८५ ते १८८७ या काळात आजच्या युगांडातल्या बुगांडा राज्याचा राजा म्वांगा याने बावीस कॅथलिक आणि तेवीस अँग्लिकन ख्रिस्ती लोकांना ठार मारलं. त्यातले बरेच जण राजवाड्यातले सेवक, काही तर तुमच्या गटातल्या मुलांच्या वयाचे. कंपालाजवळच्या नामुगोंगोला दर वर्षी लाखो लोक जमतात. कित्येक जण शेकडो किलोमीटर पायी येतात, अगदी शेजारच्या देशांतूनही. त्या आठवड्यात तुमचे यजमान स्वतःच यात्रेत असतील. एन्टेबे विमानतळावर उतरल्यावर थेट सोरोटीची वाट धरू नका, आधी मुलांना नामुगोंगो दाखवा. आपण सुवार्ता घेऊन निघालोय अशी कल्पना मनात असेल, तर ही मंडळी कोणती किंमत देऊन उभी राहिली हे आधी कळलं पाहिजे. १९७७ च्या फेब्रुवारीत इदी अमीनच्या राजवटीत आर्चबिशप जनानी लुवुम मारले गेले, तेही याच परंपरेतले. युगांडातले चारांतले तीनहून अधिक लोक ख्रिस्ती आहेत. तेसोत ख्रिस्ती शिक्षण पसरवण्यात युरोपीय मिशनऱ्यांबरोबर बगांडा, म्हणजे बुगांडातल्या, शिक्षकांचा मोठा वाटा होता. अपोलो किवेबुलाया नावाचा बगांडा माणूस १८९० च्या दशकात काँगोच्या जंगलातल्या म्बोगाला सुवार्तिक म्हणून गेला आणि आयुष्यभर ते काम त्याने सोडलं नाही. त्यामुळे तिथे गेल्यावर उपदेश ऐकायला बसा. तुमच्यापैकी एखाद्याला साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायला, सांगितलं तर थोडक्यात, मनापासून द्यावी. प्रभूला स्वीकारायला किती जणांनी हात वर केले याचा आकडा घरच्या अहवालासाठी मोजू नका. त्यांतले बहुतेक आधीपासूनच प्रभूचे आहेत आणि पाहुण्यांच्या मानाखातर पुन्हा हात वर करतात.

बोअरवेलबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ते माझं काम आहे आणि गटांचे सगळ्यात जास्त पैसे तिथेच जातात.

बोअर घ्यायला रिग, म्हणजे खोदाईचं यंत्र, येते, तिची स्वतःची माणसं असतात, काम एक-दोन दिवसांत उरकतं. तुमचे सोळा जण बाजूला उभे राहून बघतील, फोटो काढतील, एवढाच त्यात त्यांचा भाग. खरं काम आधीचं आणि नंतरचं. तेसोत जमिनीखाली ग्रॅनाइट आणि नाइससारखा जुना खडक आहे, आपल्या दख्खनसारखा बेसाल्ट नाही. पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात असतं, म्हणून भूजल सर्वेक्षणाशिवाय जागा ठरवणं म्हणजे पैसे मातीत घालणं. पाहुण्यांच्या सोयीसाठी चर्चच्या अंगणातच बोअर घ्यायचा आग्रह होतो, तो मानू नका.

आता पंप. तेसोत बहुतेक ठिकाणी दिसतो तो यू-टू. युगांडाचा हा प्रमाणित हातपंप आपल्या इंडिया मार्क-टूवरून घेतलेला आहे. मार्क-टूची मुळं तर आपल्याच मातीत आहेत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस मराठवाड्यात ओतीव लोखंडाचे परदेशी धर्तीचे पंप पटापट मोडत होते, कारण ते एका कुटुंबासाठी बनवलेले आणि त्यावर अख्खं गाव पाणी भरायचं. तेव्हा जालन्याच्या चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनमध्ये पोलादाचा मजबूत पंप तयार झाला. सोलापुरात त्यात सुधारणा झाल्या आणि त्या अनुभवावर १९७० च्या दशकात युनिसेफ आणि भारत सरकारने इंडिया मार्क-टू घडवला. हा पंप यशस्वी झाला, कारण तो वापरणाऱ्यांच्या शेजारी राहून, रोज मोडणाऱ्या पंपांकडे बघत बनला. सोरोटीजवळच्या गावात एखादी बाई यू-टूचा दांडा मारते, तेव्हा त्यात जालना-सोलापूरचं काम असतं. तुमच्या गटातल्या मराठी मुलांना हे जरूर सांगा.

पण पंप कितीही चांगला असला तरी बिघडतोच. आफ्रिकेतल्या ग्रामीण हातपंपांपैकी कुठल्याही वेळी साधारण एक तृतीयांश बंद असतात, असा अंदाज अनेक वर्षं दिला जातो, आणि गावोगाव फिरताना तो मला कधी अतिशयोक्त वाटला नाही. युगांडात आणखी एक दुखणं आहे. काही भागांतलं भूजल किंचित आम्लधर्मी आहे. त्यात गॅल्वनाइज्ड लोखंडी पाइप घातले की काही वर्षांतच गंजतात. पाणी तांबूस येतं, चहा काळा पडतो, पांढरे कपडे डागाळतात, आणि बायका पंप सोडून पुन्हा पाणथळीतल्या झऱ्यावर जातात. पंप चालू असतो, पण पाणी कोणी भरत नाही. म्हणूनच २०१६ मध्ये तिथल्या जल मंत्रालयाने नव्या बोअरमध्ये हे पाइप वापरणं थांबवलं. तुम्हाला बोअरसाठी पैसे द्यायचेच असतील तर ठेकेदाराला पहिला प्रश्न हा विचारा: पाइप कशाचे घालणार, आणि पाण्याची तपासणी कुठे करणार?

त्याआधी एक काम करा. त्या गावाच्या पाच-सहा किलोमीटरच्या परिसरात किती पंप बंद आहेत, ते पाळकसाहेबांना आणि उपजिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याला विचारा. बंद बोअर दुरुस्त करायला नव्या बोअरच्या मानाने थोडे पैसे लागतात. जिल्ह्यात हातपंप मेकॅनिकांची संघटना असते. गावाची पाणी समिती असते, तिने घरटी थोडी वर्गणी जमवायची असते. ही समिती झोपली असेल तर नवा बोअरही त्याच वाटेने जातो. तुमच्या गटाने दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समितीकडे साधी चौकशी केली, "वर्गणी किती जमली? वॉशर कधी बदलला?" एवढी, तरी ते एका नव्या बोअरपेक्षा मोलाचं आहे. नव्या बोअरच्या चौथऱ्यावर तुमच्या चर्चचं नाव कोरू नका. नाव असलं की पंप मोडल्यावर गाव म्हणतं, "हा त्यांचा आहे, तेच दुरुस्त करतील."

वैद्यकीय शिबिराबद्दल मात्र मला कठोर बोलावं लागेल. तुमच्या गटात दोन नर्स आणि एक दंतवैद्य आहेत, असं तुम्ही लिहिलंय. युगांडात परदेशी डॉक्टरला रुग्ण तपासायचा असेल तर युगांडा मेडिकल अँड डेंटल प्रॅक्टिशनर्स कौन्सिलची तात्पुरती नोंदणी लागते. दंतवैद्यही त्यातच येतात, आणि नर्ससाठी वेगळी परिषद आहे. दान म्हणून औषधं आणायची तर नॅशनल ड्रग अथॉरिटीची परवानगी हवी. ही कागदपत्रं व्हायला काही महिने जातात. बॅगेत गोळ्या भरून नेणं आणि "आम्ही चर्चकडून आलोय" असं सांगणं चालत नाही. चालू नयेच. जिंजामध्ये एका अमेरिकी तरुणीने वैद्यकीय शिक्षण नसताना कुपोषित मुलांसाठी केंद्र चालवलं. तिथे दाखल झालेल्यांपैकी शंभराहून अधिक मुलं दगावली. आयांनी न्यायालयात धाव घेतली आणि २०२० मध्ये तडजोड झाली. तीही प्रार्थना करून, चांगल्या मनानेच तिथे गेली होती.

परवानगी मिळाली तरी तीन दिवसांच्या शिबिरात काय होतं ते सांगतो. पहाटेपासून शेकडो लोक रांगेत बसतात. अंगदुखी, खोकला, मुलांचा ताप. एखाद्या आजीचा रक्तदाब भयंकर वाढलेला निघतो. तिला महिनाभराच्या गोळ्या मिळतात. एकतिसाव्या दिवशी तिने काय करायचं? तिची नोंद तुमच्या वहीत, ती वही टेक्सासला. हेल्थ सेंटरच्या रजिस्टरमध्ये तिचं नावच नाही. त्या तीन दिवसांत हेल्थ सेंटरची नर्सही तुमच्या मदतीला आलेली असते, म्हणजे तिथली बाळंतीण वाट बघत राहते.

तुमच्या नर्सना खरंच उपयोगी पडायचं असेल तर त्यांनी हेल्थ सेंटरच्या प्रमुखांच्या हाताखाली आठवडाभर राहावं. नवजात बाळ रडलं नाही तर पहिल्या एका मिनिटात त्याला श्वास कसा मिळवून द्यायचा, याचं साधं, मान्यताप्राप्त प्रशिक्षण उपलब्ध आहे. बाहुली, पिशवी आणि मास्क एवढ्यावर ते शिकवता येतं आणि साहित्य तिथेच ठेवता येतं. तिथल्या सुईणींना ते आधीच येत असेल तर त्यांच्याकडून तुमच्या नर्सनी शिकावं. वीज गेल्यावर टॉर्च दातात धरून बाळंतपण करणाऱ्या सुईणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्या हेल्थ सेंटरला सौर दिव्याची गरज आहे का, हे विचारून घ्या. यात रुग्ण तपासायचा नाही, म्हणून नोंदणीचा प्रश्नही बराच सोपा होतो. तरीही जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांची लेखी संमती आधी घ्या.

अनाथाश्रमाची भेट पूर्णपणे काढून टाका. अशा संस्थांतल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, नाहीतर आजी-मामा-काका हयात असतात. गरिबीमुळे आणि शाळेच्या आशेने त्यांना तिथे ठेवलेलं असतं. पाहुणे येतात, पैसे येतात, म्हणून संस्थांना मुलं हवी असतात, आणि मुलं भरली जातात. दोन दिवस मांडीवर घेऊन खेळवलेलं मूल तिसऱ्या दिवशी गाडीमागे धावतं. पुढच्या महिन्यात दुसरा गट येतो आणि तेच पुन्हा होतं. त्या मुलांवर तुमचं प्रेम असेल तर ती घरीच राहतील यासाठी मदत करा. युगांडात १९९७ पासून प्राथमिक शिक्षण मोफत आहे, पण गणवेश, दुपारचं जेवण, परीक्षेची फी हे खर्च असतातच. मंडळीकडे गरजू कुटुंबांची यादी असते. तुम्ही निवड करू नका, त्यांना करू द्या.

रंगरंगोटीविषयी थोडक्यात. गावात फुंडी, म्हणजे गवंडी आणि रंगारी आहेत, आणि त्यांना काम हवं आहे. तुमच्या मुलांना हात लावायचाच असेल तर फुंडीला त्याच्या दराने मजुरी देऊन त्याच्या हाताखाली दोन सकाळी काम करू द्या. विटा उचलणं, पाणी आणणं, एवढं पुरे. फुंडी सांगेल ते करायचं, त्याला शिकवायला जायचं नाही.

व्ही.बी.एस. चांगली होऊ शकते, पण ती तिथल्या शब्बाथ शाळेच्या (रविवारच्या बायबल वर्गाच्या) शिक्षकांची असली पाहिजे. त्यांना अतेसो ही तिथली भाषा येते, मुलांची नावं माहीत आहेत, आणि त्यांची गाणी तुमच्या गाण्यांपेक्षा कितीतरी पटीने जिवंत आहेत. शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर घ्या. तुमच्या मुलांनी दोन अतेसो गाणी आधी पाठ करून जावं. मुलांच्या सुरक्षेचे नियम जसे टेक्सासच्या चर्चमध्ये तसेच तिथे: कुठल्याही मोठ्या माणसाने मुलाबरोबर एकटं राहायचं नाही, फोटो काढायचा तर आधी पालकांना विचारायचं, मुलाचं नाव आणि गाव लिहून तो फोटो कुठेही टाकायचा नाही. गोळ्या-चॉकलेटं वाटू नका. गाडी दिसली की हात पसरायची सवय मुलांना अशाच वाटपातून लागते.

आता तुमच्या स्वतःच्या तयारीबद्दल. युगांडात प्रवेशासाठी पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र लागतं आणि लस निदान दहा दिवस आधी घ्यावी लागते. तुमच्यापैकी काही जण परतताना आजी-आजोबांना भेटायला भारतात जाणार असतील, तर ते प्रमाणपत्र जिवापाड जपा. ते नसेल तर भारतात विमानतळावरून थेट विलगीकरणात जावं लागतं, सहा दिवसांपर्यंत. पावसामुळे जूनमध्ये मलेरिया जोरात असतो. प्रतिबंधक गोळ्या आणि मच्छरदाणी यात कुचराई नको. तेसोच्या तळ्यांत पोहू नका, पाण्यात बिल्हार्झियाचे जंतू असतात. सगळ्यात मोठा धोका मात्र रस्त्याचा आहे. रात्री प्रवास करू नका, मुलांना बोडा-बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर, बसू देऊ नका. एन्टेबेहून सोरोटीला दिवसभर लागतो असं धरा आणि एक मुक्काम वाटेत करा.

तुमच्या भारतीय चेहऱ्याच्या मुलांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. तिथे त्यांना कोणी अमेरिकन म्हणणार नाही, मुहिंदी, म्हणजे भारतीय, म्हणतील. त्यामागे इतिहास आहे. १८९६ पासून मोंबासाहून निघालेली रेल्वे बांधायला हजारो भारतीय मजूर नेले गेले. पुढे गुजराती आणि पंजाबी व्यापाऱ्यांची दुकानं गावोगावी झाली. १९७२ मध्ये इदी अमीनने आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला. आज पुन्हा भारतीय तिथे आहेत, मुख्यतः कारखान्यांत आणि दुकानांत, मालक म्हणून. त्यामुळे चर्चमध्ये मांडी घालून बसलेला, जमिनीवर जेवणारा मुहिंदी पाहून लोकांना नवल वाटतं आणि मग गप्पा रंगतात. हा तुमच्या गटाचा मोठा फायदा आहे. जेवणात अताप मिळेल, म्हणजे नाचणीच्या पिठाचा घट्ट गोळा, बहुधा कसावा घातलेला, आपल्या उकडीच्या जवळपासचा. नाचणी मुळात पूर्व आफ्रिकेतूनच आपल्याकडे आली. हाताने खा, वाढलं की नको म्हणू नका. मुलींनी गुडघ्याखाली येणारे स्कर्ट घालावेत.

पोचल्यावर पहिले एक-दोन दिवस भेटी-गाठींत जातील. गावच्या एलसी-वन (गावपातळीच्या स्थानिक परिषदेच्या) अध्यक्षांकडे, उपजिल्ह्याच्या कचेरीत, शाळेत, हेल्थ सेंटरमध्ये. प्रत्येक ठिकाणी अभ्यागतांच्या वहीत नाव लिहावं लागेल. तरुणांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. तसा तो नाही. गावाला तुमचं येणं कळवण्याची आणि पुढे काही अडचण आली तर पाठीशी कोण आहे हे ठरवण्याची ती रीत आहे. रविवारची उपासना तीन तास चालेल आणि शेवटी अर्पणात आलेली कोंबडी, केळ्यांचा घड, भुईमुगाची टोपली यांचा लिलाव होईल. आपल्याकडच्या मंडळ्यांत सुगीच्या उपासनेनंतर होतो तसाच. त्यात बोली लावा, पण गावकऱ्यांच्या बोलीच्या फार वर जाऊ नका. घेतलेली कोंबडी एखाद्या वृद्ध विधवेला द्यायची पद्धत विचारून घ्या.

बॅगा हलक्या ठेवा. जुने कपडे नेऊ नका, सोरोटीच्या बाजारात जुन्या परदेशी कपड्यांचे ढीग आहेत आणि ते विकून कित्येक जणांचं घर चालतं. वह्या, पेनं, फुटबॉल, अतेसो पवित्र शास्त्र, सगळं तिथेच मिळतं. तिथेच विकत घ्या. फक्त यजमानांनी नाव घेऊन मागितलेली वस्तू घेऊन जा.

पैशांबद्दल लोक बोलायला संकोचतात, म्हणून मीच बोलतो. सोळा जणांचा विमानखर्च, लशी, व्हिसा, मुक्काम मिळून जी रक्कम होते तिच्यात एखाद्या ग्रामीण पॅरिशची बरीच वर्षं निघतात. म्हणून जाऊ नये असं मी म्हणत नाही. माणसं भेटल्याशिवाय नातं होत नाही, आणि नात्याशिवाय मदत लवकर आटते. पण यजमानांचा खर्च, म्हणजे गाडी, डिझेल, स्वयंपाकिणींचा मेहनताना, दुभाषा, पाळकसाहेबांचे दोन आठवडे, हा आधी विचारून आगाऊ पाठवा. तिथे गेल्यावर वैयक्तिक हातात पैसे देऊ नका, कितीही कळवळा आला तरी. डायोसीसच्या (धर्मप्रांताच्या) खजिनदाराकडे द्या आणि पावती घ्या. एका घराला दिलेले शंभर डॉलर शेजारच्या दहा घरांत कटुता निर्माण करतात, आणि ती निस्तरायला पाळकालाच बसावं लागतं.

नगर, जालना, सोलापूरकडच्या आपल्या मंडळ्या एके काळी अशाच कोणाच्या तरी यजमान होत्या. १८३१ पासून नगरला अमेरिकन मराठी मिशनचे लोक होते. त्यांतले मराठी शिकले आणि राहिले ते लोकांचे झाले. तरीही मंडळीला तिचा स्वतःचा आवाज मिळाला तो आपल्याच माणसांकडून. जालन्याजवळ बेथेल वसवणारे नारायण शेषाद्री, केडगावला मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाई, अभंगांत आणि कीर्तनात प्रभूला आणणारे रेव्हरंड टिळक. युगांडातही अशी माणसं आहेत. तुमचा गट त्यांना दोन आठवड्यांत भेटेल, पण ओळखायला वेळ लागेल. म्हणून एकच गाव धरा, निदान पाच वर्षं. दर वर्षी नवा देश, नवं गाव नको. तिसऱ्या वर्षी तुम्ही न जाता तिथल्या पाळकसाहेबांना आणि मदर्स युनियनच्या एका भगिनीला टेक्सासला बोलवा. व्हिसाला त्रास होईल, आमंत्रणपत्रं आणि बँकेचे कागद लागतील, कदाचित एकदा नकारही येईल. पुन्हा अर्ज करा. त्यांनी तुमच्या व्यासपीठावरून उपदेश करावा, तुमच्या घरी राहावं, तुमच्या तरुणांना प्रश्न विचारावेत. तुमच्या मंडळीला त्यांच्याकडून बरंच घेण्यासारखं आहे.

आता लगेच करायचं ते सांगतो. तुमच्या गटप्रमुखांबरोबर बसून पाळकसाहेबांना फोन करा. आधीचा आराखडा मागे घेतोय, कारण तो तुम्हाला न विचारता केला होता, असं स्पष्ट सांगा. मंडळीच्या समितीला बसायला तीन-चार आठवडे द्या, शेतकामाच्या दिवसांत त्यापेक्षा जास्त. त्यांनी लिहून पाठवलेला कार्यक्रम आणि खर्चाचा अंदाज हातात आला की गट किती जणांचा आणि कोणत्या महिन्यात, ते ठरवा. तिकिटं त्यानंतर काढा.